फेरफाराच्या मागे मागे : मुंबईत राहून गावच्या शेतकरी घराण्याची वंशावळ कशी जुळवावी

मुंबईतल्या बहुतेक घरांत वंशावळीची आठवण होते ती जातपडताळणीच्या वेळी. मुलाला अ‍ॅडमिशन हवं असतं, यादीत ‘वंशावळ’ लिहिलेलं असतं, मग गावाला फोन जातो आणि आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा अशी चार-पाच नावं एकाखाली एक लिहून प्रतिज्ञापत्राला जोडली जातात. त्या कामापुरती ती ठीक असते. पण तिच्यात आत्या नसतात, लहानपणी गेलेली मुलं नसतात, गाव सोडून गेलेला चुलता नसतो. एकाही बाईचं नाव नसतं. हा लेख संपूर्ण वंशावळीसाठी आहे. घर डोंबिवलीत किंवा परळला आणि गाव संगमेश्वर, पाटण, चंदगड नाहीतर बीडकडे, अशा लोकांना नजरेपुढे ठेवून लिहिला आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. शेतकऱ्यांच्या घरात छापील कुलवृत्तांत शोधू नका, बहुधा सापडणार नाही. पूर्वजांनी रोजनिशी लिहिली नसली तरी शेतसारा भरलेला असतो, आणि सारा भरला की कुठेतरी नाव चढतं. म्हणून आपला खरा माग जमिनीतून निघतो. त्यातही लोक सातबाऱ्यावर अडकून बसतात. सातबारा फक्त आज काय आहे ते सांगतो, माणूस मेला तेव्हा मागे कोण कोण उरलं ते फेरफार, म्हणजे जमिनीवरचा हक्क बदलल्याची नोंद, सांगतो.

घरातली पेटी आधी

गावाला जायच्या आधी मुंबईतली खोली धुंडाळा. पहिल्या पिढीतला चाकरमानी गिरणीत, गोदीत किंवा महापालिकेत लागला असेल तर त्याचे कागद इथेच आहेत. गिरणीचं तिकीट, प्रॉव्हिडंट फंडाचा नॉमिनेशन फॉर्म, ग्रॅच्युइटीची पत्रं, जुनं रेशनकार्ड, मनीऑर्डरच्या पावत्या, चाळीच्या भाडेपावत्या. नॉमिनेशन फॉर्मवर बायकोचं, मुलांचं नाव आणि वय असतं. जुन्या रेशनकार्डात तर त्या खोलीत राहणारे सगळे येतात, गावाहून नोकरीला आलेला पुतण्याही. १९८२च्या संपानंतर गिरणी कामगारांच्या घरांसाठी ज्यांनी पुढे म्हाडाकडे अर्ज केले, त्यांच्या फायलीत वारसांचे कागद एकत्र लावलेले असतात. त्यांची झेरॉक्स कुणा ना कुणाकडे असतेच.

ही घाई आत्ता करा, कारण चाळी रिकाम्या होत आहेत. बीडीडी चाळींचा पुनर्विकास सुरू आहे, ट्रान्झिटला जाताना माळ्यावरची ट्रंक थेट भंगारात जाते. शेजारच्या खोलीतल्या गाववाल्यांनाही सांगून ठेवा.

मनीऑर्डरची पावती कुणी मोलाची समजत नाही, पण तिच्यावर पैसे घेणाऱ्याचं पूर्ण नाव, वाडी आणि टपालाचं गाव असतं. गावाच्या नावाची सात गावं असली की तेवढ्यावरून नेमकं कुठलं ते कळतं. लग्नपत्रिका जपून ठेवा. ‘आपले नम्र’ आणि ‘निमंत्रक’ यांच्याखालची नावं म्हणजे त्या वर्षीची भावकीची हजेरी. मुंबईत गावच्या मंडळाची वर्गणीची वही असेल तर तीही मागा. त्या वह्यांत घरवार नावं असतात, आणि खजिनदार सहसा कागद टाकून देत नाहीत.

म्हाताऱ्यांना काय विचारायचं

“तुमच्या पणजोबांचं नाव काय?” असं विचारलं की समोरचा माणूस गप्प होतो. परीक्षेसारखं वाटतं. त्याऐवजी सुतक विचारा. कुणाच्या घरी कुणी गेलं तर दहा दिवस कोणकोण पाळतं, कुठल्या घरी तीन दिवस आणि कुठे नुसती आंघोळ? सुतकाची हद्द सांगताना म्हातारी माणसं भराभर घरं मोजतात, आणि ती घरं म्हणजे तुमच्या मूळ पुरुषाच्या शाखा. आडनाव एक आणि सुतक लागत नाही, तर धागा फार जुना आहे किंवा मुळात वेगळा आहे. आडनाव वेगळं आणि सुतक लागतं, असंही कोकणात पुष्कळ सापडतं.

तसंच देवघराचं. देव्हाऱ्यातले टाक एकेक करून विचारा, हा कुणाचा? देवीचा टाक, खंडोबाचा टाक आणि मग एखादा घरातल्या मेलेल्या माणसाचा. पितृपक्षात कुणाच्या नावाने पान वाढतात, कुठल्या तिथीला? तिथी माहीत असली की मृत्यूची नोंद शोधताना महिना तरी हाती लागतो. शिमग्यात पालखी आधी कुठल्या घरी जाते, नारळाचा मान कुणाचा, हेही लिहून घ्या. थोरल्या पातीचं घर त्यातून कळतं.

साल कुणालाच आठवत नाही, घटना आठवतात. म्हणून विचारा : मानमोडीच्या साथीत (१९१८) कुणी गेलं का? गोदीत स्फोट झाला (१४ एप्रिल १९४४) तेव्हा आजोबा मुंबईत होते की गावाला? पानशेत फुटलं (१९६१), कोयनेचा भूकंप झाला (११ डिसेंबर १९६७), बहात्तरचा दुष्काळ पडला, तेव्हा कुठलं मूल कडेवर होतं? अशा चार खुंट्या ठोकल्या की जन्मसालं दोन-तीन वर्षांच्या आत येतात.

बायकांशी वेगळं बोला आणि पुरुष समोर नसताना बोला. पुरुषांना वाटण्या पाठ असतात, बायकांना नाती पाठ असतात. कुठली आत्या कुठल्या गावी दिली, कुणाची दुसरी बायको, कुणाचं माहेर कुठलं, हे आजी सांगेल. प्रत्येक सुनेचं माहेरचं नाव आणि माहेरचं गाव दोन्ही लिहा. लग्नात नाव बदललेलं असतं, आणि ते एकदा विसरलं की परत मिळवणं जवळजवळ अशक्य होतं.

मुंबईकराने गावात कागदांची गोष्ट काढली की भावकीच्या मनात एकच येतं, वाटणी मागायला आला. सातबाऱ्याने सुरुवात केलीत तर दारं बंद होतील. गणपतीत किंवा शिमग्यात जा, जुने फोटो घेऊन जा, तुम्ही केलेला कच्चा तक्ता पसरून “यात चूक दाखवा” म्हणा. चूक दाखवायला माणसं उत्साहाने पुढे येतात. आणि वाटणीचा विषय मनात असेलच, तर वंशावळीच्या नावाखाली तो रेटू नका, तो वेगळा लढा.

सातबाऱ्यापासून उलटं चालत जाणं

आता मुख्य काम. महाभूलेखच्या संकेतस्थळावर विभाग, जिल्हा, तालुका, गाव निवडून गट नंबर किंवा सर्व्हे नंबर टाका. नंबर माहीत नसेल तर नावाने किंवा आडनावाने शोधता येतं. सातबारा म्हणजे गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ एकत्र. सातमध्ये हक्क, बारामध्ये पीक. सोबत ८अ पाहा, त्यात एका खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनी एका जागी दिसतात.

सातबाऱ्यावर खातेदारांच्या नावापुढे फेरफार क्रमांक असतात आणि खालच्या भागात ‘जुने फेरफार क्रमांक’ म्हणून आकड्यांची ओळ असते. ती ओळ वहीत उतरवून घ्या. तीच तुमची वाट. फेरफार नोंदवही म्हणजे गाव नमुना ६, आणि वारसांची वेगळी नोंदवही म्हणजे ६क. आकड्यांच्या ओळीतले सगळेच फेरफार कामाचे नसतात. एक हमखास आणेवारी (आणे-पैंतले हिस्से) काढून दशमान पद्धत आणल्याचा असतो, काही सोसायटीच्या कर्जाच्या बोज्याचे असतात. आपल्याला हवेत वारस, वाटणी, हक्कसोड (आपला हिस्सा सोडून दिल्याची नोंद) आणि एकत्रीकरण.

गेल्या पन्नास-साठ वर्षांतले फेरफार गावच्या तलाठी सजात मिळतात. तलाठ्याचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, पण गावात विचारताना तलाठीच म्हणा. त्याआधीच्या वह्या तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. बऱ्याच जिल्ह्यांच्या वह्या स्कॅन करून ‘आपले अभिलेख’ या सरकारी पोर्टलवर टाकल्या आहेत. खातं उघडून, नाममात्र शुल्क भरून मुंबईत बसल्या बसल्या पानं उतरवता येतात. पोर्टलवर नसेल तर तहसिलीत नकलेचा अर्ज करा. अर्जात ‘जुने कागद द्या’ असं मोघम लिहिलंत तर ‘आढळ होत नाही’ असं उत्तर ठरलेलं. गाव, सर्व्हे नंबर, फेरफार क्रमांक, अंदाजे वर्ष असं नेमकं मागा. महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होतं, म्हणून वर्ष लिहिताना १९३४-३५ असं जोडीने लिहा.

किती मागे जाता येतं? मुंबई इलाख्यात अधिकार अभिलेखाचा (जमिनीवरच्या हक्कांच्या नोंदीचा) कायदा १९०३ मध्ये आला आणि १९१३ मध्ये तो जमीन महसूल कायद्यात घेतला गेला. त्यामुळे पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात फेरफाराची साखळी नशीब चांगलं असेल तर त्या सुमारापर्यंत पोचते. तिथे जे नाव सापडेल त्या माणसाचा जन्म एकोणिसाव्या शतकातला.

मध्ये एक खड्डा येतो तो गटाचा. १९४७च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यानुसार जिथे योजना झाली, तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, आणि आजच्या गटावरून जुना सर्व्हे कळत नाही. त्यासाठी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरण योजनेचा ९(३), ९(४)चा उतारा घ्या. त्यात जुना सर्व्हे आणि नवा गट समोरासमोर असतात. कोकणातल्या पुष्कळ गावांत ही भानगड नाही, तिथे सर्व्हे-हिस्सा नंबरच चालू आहेत. फक्त हिस्से इतके बारीक की डोळे फुटतात.

एक उतारा वाचून पाहू

नमुन्यादाखल, नावं मनची घेतो. जुन्या उताऱ्यावर एका सर्व्हे नंबरपुढे असं लिहिलेलं आहे :

धोंडू बिन राघो, ५ आणे ४ पै
सखाराम बिन भिकू, २ आणे ८ पै
तुकाराम बिन भिकू, २ आणे ८ पै
बाळू बिन गोविंद, अ.पा.क. आई जानकी कोम गोविंद, ५ आणे ४ पै

वरवर पाहता चार खातेदार. पण आणेवारी मोजा. रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै, म्हणजे सगळ्या जमिनीच्या १९२ पै. धोंडूच्या ६४, म्हणजे बरोबर एक तृतीयांश. सखाराम आणि तुकाराम यांच्या ३२-३२, मिळून पुन्हा एक तृतीयांश. बाळूच्या ६४. याचा अर्थ ही जमीन मूळ तीन भावांची : धोंडू, भिकू आणि गोविंद. भिकू वारला, त्याचे दोन मुलगे आले. गोविंदही वारला, त्याचा मुलगा अजून लहान आहे म्हणून आई अज्ञान पालनकर्ती. भिकू आणि गोविंद यांचा बाप कोण हे या कागदावर कुठेच लिहिलेलं नाही, तरी राघो असावा असा अंदाज हिस्स्यांवरून बांधता येतो. ‘असावा’ एवढंच. खरेदी-विक्री होऊनही असे हिस्से जुळू शकतात. म्हणून भिकूच्या आणि गोविंदच्या वारसाचा फेरफार काढल्याशिवाय तक्त्यात ही रेष पेन्सिलीचीच राहू द्या.

आता तो फेरफार. साधारण अशी भाषा : ‘खातेदार भिकू बिन राघो हा अमुक तारखेस मयत. वारस मुलगे सखाराम व तुकाराम, मुलगी सुंदरा, लग्न होऊन सासरी.’ खाली वर्दी देणाऱ्याचा अंगठा, पंचांची नावं, आणि मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याची सही. एका परिच्छेदात बापाचं नाव पक्कं झालं, मृत्यूची तारीख मिळाली आणि सुंदरा नावाची मुलगी मिळाली, जी सातबाऱ्यावर कधीच चढली नाही. पंचांची नावंही टिपून ठेवा. ते बहुधा भावकीतलेच असतात.

आणखी काही खुणा. नाव कंसात टाकलेलं दिसलं तर ते कमी झालं आहे, कंसाजवळच्या फेरफार क्रमांकात कारण सापडेल. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. त्या एका नावामागे चार भाऊ दडलेले असू शकतात, ते वाटणीच्या फेरफारात बाहेर येतात. देशावर आणि कोकणात ‘बिन’ म्हणजे मुलगा, ‘कोम’ किंवा ‘भ्र.’ म्हणजे बायको. विदर्भ-मराठवाड्यात त्याच जागी ‘वलद’ आणि ‘जौजे’, विधवेला ‘बेवा’. आडनाव पुष्कळदा नसतंच, त्या जागी जात लिहिलेली असते.

मुलींची नावं मिळवायची तर १९५६ नंतरचे फेरफार एकही न सोडता वाचा. हिंदू वारसा कायदा त्या वर्षी आला आणि वारस म्हणून मुलींची नावं लावणं भाग पडलं. १९९४ मध्ये महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत सहहिस्सेदार केलं, तेव्हापासून तर ही नावं आणखी ठळकपणे येतात. बहुतेक घरांत पुढचाच फेरफार हक्कसोडीचा असतो आणि त्या नावांना कंस पडतो. जमिनीवरून बहिणी गेल्या हे घरोघरचं दुखणं आहे, त्यावर लिहायचं तर निराळा लेख होईल. वंशावळीपुरतं एवढंच, की त्या दोन फेरफारांमध्ये सगळ्या बहिणी सासरच्या नावगावासह ओळीने उभ्या असतात.

मालकाच्या रकान्यात नाव नसेल तर

कोकणातल्या कुणबी घरांचा इथे धीर सुटतो. १९४० सालचा उतारा काढावा तर भोगवटादार म्हणून खोताचं किंवा सावकाराचं नाव. आपला माणूस कूळ होता. तेव्हा नजर हलवा. ‘इतर हक्क’ या रकान्यात कुळांची नावं बघा, आणि नमुना १२ मध्ये जमीन कसणाराचं नाव बघा.

मग कूळकायद्याच्या फायली. खोती १९४९च्या कायद्याने गेली. मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायदा १९४८चा, आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कसणारं कूळ मालक मानलं गेलं. त्यानंतर प्रत्येक कुळाची जमिनीची किंमत ठरवायला कलम ३२ग खाली चौकशी झाली आणि पैसे भरल्यावर ३२म चं प्रमाणपत्र मिळालं. ही ३२गची फाईल म्हणजे शेतकरी घराण्याच्या इतिहासातला सगळ्यात बोलका कागद, असं माझं मत आहे. तिच्यात कुळाचा जबाब असतो. जमीन बापाच्या वेळेपासून करतो, बाप अमुक साली वारला, आम्ही भाऊ इतके, खंड इतके मण भात देत होतो. ज्या माणसाने आयुष्यात एक ओळ लिहिली नाही त्याचं म्हणणं तिथे कारकुनाने उतरवून घेतलेलं आहे, खाली निशाणी अंगठा. सातबाऱ्यावरच्या कुळाच्या फेरफारात केस नंबर असतो, तो देऊन तहसिलीतून नक्कल मागा.

मराठवाड्याची गोष्ट वेगळी, कारण तो १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तिथे आधार म्हणजे १९५४-५५चं खासरा पत्रक, त्याआधीचं पाहणी पत्रक आणि काही तहसिलींत १९५१ची नागरिकांची राष्ट्रीय नोंदवही. त्याच्या मागचे कागद उर्दूत असतात. पूर्व विदर्भात मालगुजारी (गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची पद्धत) होती, तिथे मिसल बंदोबस्त (सारा ठरवतानाचे जुने कागद) आणि १९५४-५५ची अधिकार अभिलेख पंजी मागा.

जन्म, मृत्यू आणि एक जून

गाव नमुना १४ म्हणजे लोकांच्या तोंडी कोतवाल बुक. गावातले जन्म-मृत्यू यात लिहिले जात, आणि जुन्या वह्या तहसिलीच्या अभिलेख कक्षात असतात. जन्माच्या नोंदीत पुष्कळदा मुलाचं नावच नसतं, नुसतं बापाचं नाव आणि पुढे ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’, कारण बारसं व्हायच्या आत वर्दी गेलेली असते. मृत्यूच्या नोंदीत नाव, वय, कारण असतं. ताप, पटकी, देवी. लहानपणी गेलेली भावंडं दुसऱ्या कुठल्याच कागदात नसतात, ती इथे सापडतात.

हे पुस्तक वाचणं आता थोडं सोपं झालं आहे. कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, त्या निमित्ताने बऱ्याच जिल्हाधिकारी कार्यालयांनी सापडलेल्या नोंदींची पानं गाववार आपल्या संकेतस्थळांवर ठेवली. तुम्हाला दाखल्याशी कर्तव्य असो वा नसो, तुमच्या गावाची पानं तिथे असतील तर उतरवून घ्या.

शाळेचं जनरल रजिस्टर हा पुढचा आधार. जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळांत शंभर वर्षांपूर्वीची रजिस्टरं आहेत, त्यात मुलाचं पूर्ण नाव, जात, जन्मगाव आणि शाळा का सोडली ते असतं. ‘मुंबईस गेला’ हे कारण वारंवार दिसतं. जन्मतारखेवर मात्र भरवसा नको. पोराला शाळेत घालायला आलेल्या बापाला तारीख ठाऊक नसायची, गुरुजी १ जून लिहून मोकळे व्हायचे. अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस त्या दिवशी आहे. शाळेत कुठल्या वर्षी घातलं तेवढं खरं धरा.

माणूस मुंबईत वारला असेल तर महापालिकेच्या त्या वॉर्ड कार्यालयात मृत्यूची नोंद असते. जनगणनेच्या मागे लागू नका, तिच्यात घरवार नावं कुणालाही दाखवत नाहीत.

मोडी आणि सनांचा घोळ

विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांतले कागद मोडीत निघतील. घाबरू नका, महसुली मोडी ठरावीक शब्दांत फिरते. गाव, सर्व्हे, आकार, बिन, मयत, वारस ही वळणं ओळखता आली की नावं सुटायला लागतात. राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं. शिकायला वेळ नसेल तर वाचणाऱ्याकडून लिप्यंतर करून घ्या, पण मूळ पानाचा फोटो सोबत ठेवा. ‘रामा’ आणि ‘राणू’ यांत मोडीमध्ये भले भले फसतात.

शके असेल तर ७८ मिळवा, पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतची तिथी असेल तर ७९. निजामी कागदांतल्या फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतं, म्हणजे फसली १३५७ म्हणजे १९४७-४८.

काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे, १८२१ पासूनचं. मुंबईकर तिथे पहिल्याच दिवशी धावतात आणि हात हलवत परततात. तिथे सरकारी खात्यांचा पत्रव्यवहार आहे, तुमच्या वाडीच्या रयतेची नावं नाहीत. पाटीलकी, देशमुखी, इनाम असलेल्या घरांनी पुण्याच्या पुराभिलेखागारातलं पेशवे दप्तर बघावं. बाकीच्यांनी आपली तहसील गाठावी.

वह्या बाळगणारी माणसं

कोल्हापूर, सांगली, सोलापूर या पट्ट्यात आणि सीमाभागात हेळवी सुगीनंतर गावोगाव फिरतात, घराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची नावं वाचून दाखवतात आणि नवी पोरं लिहून घेतात. तुमच्या घरी हेळवी येत असेल तर तो कुठल्या महिन्यात येतो ते गावाला विचारून ठेवा आणि त्या वेळी जा. वाचन रेकॉर्ड करा, त्याचं मानधन मनापासून द्या. पंढरपूर, नाशिक, त्र्यंबक, काशी, गया इथल्या तीर्थपुरोहितांच्या वह्यांतही गाव आणि आडनावानुसार यात्रेकरूंची नावं असतात. शेतकरी घरातलं कुणी अस्थी घेऊन नाशिकला गेलं असेल तर तिथली नोंद चांगली निघते.

हेळव्याच्या वहीतल्या अलीकडच्या चार-पाच पिढ्या सहसा बरोबर असतात. त्याच्या मागे एखाद्या राजघराण्यापर्यंत नेऊन पोचवलेली यादी लागली, तर ती कौतुकाने ऐका आणि तक्त्यात वेगळ्या पानावर ठेवा.

गावात पहिल्या महायुद्धाची संगमरवरी पाटी असेल, ‘या गावातून इतकी माणसं १९१४-१९१९च्या युद्धास गेली’ अशी, तर घरातलं कुणी पलटणीत होतं का ते विचारा. युद्धात पडलेल्यांची नावं कॉमनवेल्थ युद्धस्मारक आयोगाच्या संकेतस्थळावर गावासकट शोधता येतात.

जुळवणी

सगळा माल गोळा झाला की खरं डोकं लागतं ते एकाच नावाच्या दोन माणसांना वेगळं करायला. आपल्याकडे नातवाला आजोबाचं नाव ठेवतात. मग राघोचा धोंडू, धोंडूचा राघो, राघोचा पुन्हा धोंडू. ‘धोंडू बिन राघो’ १९१५ मध्येही आहे आणि १९६५ मध्येही, आणि घाईघाईत दोघं एक होऊन मधल्या दोन पिढ्या नाहीशा होतात. एका माणसाच्या नावावरची पहिली आणि शेवटची नोंद यांत पन्नास वर्षांहून जास्त अंतर दिसलं की थांबा आणि मधला वारसाचा फेरफार शोधा.

प्रत्येक माणसाला एक क्रमांक द्या. मूळ पुरुष १, त्याचे मुलगे-मुली १.१, १.२, १.३ जन्मक्रमाने, त्यांची मुलं १.१.१ अशी. मुलींनाही याच रांगेत क्रमांक द्या, वेगळ्या यादीत टाकू नका. प्रत्येक नावापुढे पुरावा लिहा : ‘फे. क्र. २१४’, ‘नमुना १४, १९२७’, ‘थोरल्या आत्याने सांगितलं’. दोन वेगळ्या कचेऱ्यांतले कागद जुळले तर शाई, एकच कागद किंवा नुसतं तोंडी असेल तर पेन्सिल. सातबारा आणि फेरफार हे दोन पुरावे धरू नका, एकावरूनच दुसरा लिहिलेला असतो. फेरफार आणि शाळेचं रजिस्टर, किंवा फेरफार आणि कोतवाल बुक, हे दोन.

तोंडी हकिकत आणि कागद भांडले तर लगेच कागदाची बाजू घेऊ नका. वारस नोंदवताना दत्तक, दुसऱ्या बायकोची मुलं, घर सोडून गेलेला भाऊ मुद्दाम गाळल्याची उदाहरणं प्रत्येक गावात आहेत. म्हातारी ठामपणे “आणखी एक दीर होता” म्हणत असेल तर तो कोतवाल बुकात शोधा.

तक्ता साध्या एक्सेलमध्ये ठेवला तरी पुरतं, सोबत कागदांचे फोटो क्रमांकवार फोल्डरमध्ये. भिंतीवर लावायचा सुबक वृक्ष शेवटी काढा. आधी काढलात तर त्यात दुरुस्ती करायला जीव होत नाही.

भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकण्याची प्रत वेगळी करा. तीत हयात माणसांच्या जन्मतारखा, गट नंबर, क्षेत्र आणि आधारसारखे कागद नकोत. दत्तक, दुसरं लग्न, घर सोडून जाणं अशा नोंदी त्या त्या घराला विचारल्याशिवाय उघड करू नका. गावाला मात्र एक प्रत मोठ्या अक्षरांत छापून न्या, कडेला रुंद समास सोडून. लोक पेनाने दुरुस्त्या करतील, त्या समासासकट परत आणा.